फऱ्याखालचं दुखणं: मालीश करून घ्यावं का, कुणाकडून आणि किती?

वडगावची सुई

नमस्कार मंडळी. मी बेळगावात, वडगावला घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको आणि हल्ली आरी वर्क. तुळशीचं लग्न झालं की आमच्या गल्लीत कुणालाच उसंत नसते, प्रत्येकीला ब्लाउज 'परवा' पाहिजे असतो.

दुखणं असं : उजव्या फऱ्याच्या (खांद्यामागचं पसरट हाड) आतल्या बाजूला, फरा आणि मणका यांच्या मध्ये एक जागा आहे. बोट ठेवून दाखवता येते. सकाळी काही वाटत नाही. दुपारनंतर जळजळायला लागतं, संध्याकाळी मान वळवली की कळ खांद्यावर चढते. डॉक्टरांनी गोळ्या आणि चोळायला जेल दिलं. गोळी चालू तोवर बरं, संपली की परत तेच.

आता घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात, बाळंतिणींना तेल लावणाऱ्या मावशी आहेत, त्यांना बोलाव. मिस्टर म्हणतात, ते स्पा की काय निघालेत तिथं जाऊन ये. बहीण म्हणते, फिजिओकडे जा, बाकी सगळं पैसे घालवायचं काम. वय ४१, शुगर नाही, बीपी नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

कुंदा प्रेमी

चौथं मत राहिलं की वहिनी. आमच्या अज्जीला विचारलं असतं तर म्हणाली असती, उसण भरलीय, पायाळू माणूस शोधून पाठीला लाथ लावून घे. आमच्या गल्लीतल्या पायाळू काकांच्या दारात दर सोमवारी दोन-चार माणसं पाठ करून उभी असायची. काका चहा पिता पिता पाय लावायचे. फी काही नाही, फक्त चहा गार झाला की चिडायचे.

कडोलीचा वस्ताद

चेष्टा बास गा. ताईला खरंच त्रास हाय.

ताई, मालीश करून घ्या, बिनधास्त. पण कुणाकडनं त्याला महत्त्व हाय. आमच्या तालमीत जोर-बैठका नि लढती झाल्या की पोरं एकमेकाच्या पाठीवर हात फिरवत्यात. नवीन पोरगं काय करतंय, अंगठा खुपसतंय. समोरचा 'आई गं' म्हणला की ह्याला वाटतंय लई भारी मालीश झाली. तसं नसतंय. तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवायचा नि आपल्या अंगाचं वजन हळूहळू सोडायचं. हात घसरायचा, खुपायचा न्हाई. आधी अख्खी पाठ गरम करायची, मग दुखऱ्या जागेकडं यायचं. डायरेक्ट दुखऱ्या जागेवर हल्ला केला तर अंग आणखी आखडतंय.

नि तेल कोमट पाहिजे. थंडीत गार तेल वतलं की पाठ तिथंच ताठ.

फिजिओ_टिळकवाडी

वस्तादांच्या पद्धतीला माझा दुजोरा. पण मालीशचं ठरवण्याआधी ताई, काही प्रश्न. पाठीच्या वरच्या भागातलं बरंचसं दुखणं स्नायूंचं असतं हे खरं, पण सगळं नाही.

दुखणं बसण्या-उठण्याने, मान-हात हलवल्याने कमीजास्त होतं का? की काहीही केलं तरी सारखंच? रात्री झोपेतून उठवतं का? संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं यातलं काही? हाताला मुंग्या, बोटं बधिर, वस्तू हातातून निसटणं? चालताना पाय अडखळतात का, लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटतं का? पूर्वी कधी कॅन्सरचे उपचार, बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा अलीकडे पडणं-आपटणं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या?

ताप आणि वजनाचं मुद्दाम विचारते. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मिळ नाही आणि तो बऱ्याचदा पाठीच्या मधल्या मणक्यांतच बसतो. अशा पाठीवर जोर देऊन मालीश करणं धोक्याचं आहे.

आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये अचानक दुखायला लागलं आणि सोबत घाम, धाप, मळमळ, छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ असं काही असेल तर तेलाची बाटली शोधू नका, सरळ इमर्जन्सी गाठा. बायकांमध्ये हार्ट अटॅक कधी कधी छातीत जोराची कळ न येता असा पाठीतून बोलतो.

वडगावची सुई

मॅडम, यातलं काहीच नाही. वजन उलट वाढलंय. मुंग्या नाहीत. हालचालीने नक्की फरक पडतो. खाली बघून हुक-काज करत बसले की वाढतं, हात वर करून मान मागे टाकली की जरा सुटल्यासारखं वाटतं. रविवारी मशीनला हात लावला नाही तर दुखतच नाही म्हटलं तरी चालेल.

संकेश्वरची लेक

एक सांगू का? आमच्या आईला उजव्याच फऱ्याखाली दुखायचं. किती तरी दिवस शेक, मलम, मालीश. बरोबर जेवणानंतर वाढायचं, त्यातही तळलेलं खाल्लं की जास्त, पण आमच्या कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं नि पाठ दुखायची थांबली. ताईंचं तसं वाटत नाही, पण उजवा फरा वाचला म्हणून लिहिलं.

फिजिओ_टिळकवाडी

अगदी योग्य आठवण केलीत. पित्ताशयाचं दुखणं उजव्या फऱ्याकडे जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. खूण तीच, जेवणाशी संबंध आणि हालचालीशी संबंध नसणं. सुईताईंचं कामाशी बांधलेलं दिसतंय, सुट्टीच्या दिवशी गायब. हे स्नायूंच्या बाजूने बोलणारं लक्षण.

ताई, तुम्ही बोट ठेवता तिथे काय काय आहे ते सांगते, म्हणजे मालीश कुठे करायचं हे कळेल. सगळ्यात वर ट्रॅपेझियस नावाचा मोठा पसरट स्नायू. डोक्याच्या मागच्या हाडापासून निघतो, दोन्ही खांद्यांपर्यंत जातो आणि खाली बरगड्या संपतात त्या मणक्यापर्यंत उतरतो. त्याच्या खाली मणका आणि फरा यांना जोडणारे रॉम्बॉइड. आणि फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला येऊन चिकटणारा लेव्हेटर स्कॅप्युली, तो निघतो मानेच्या पहिल्या चार मणक्यांपासून. म्हणून दुखतं फऱ्याशी, पण ओढ मानेची असते. मानेतल्या चकतीचा त्रासही कित्येकदा फऱ्याच्या आतल्या कडेलाच जाणवतो. नुसतं दुखऱ्या ठिपक्यावर चोळून उपयोग होत नाही तो यासाठी.

माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असेल तर ते वजन मणक्यांवर सरळ उतरतं, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ साली गणित मांडलं होतं की ६० अंश मान झुकवली की मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. तो कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, त्यामुळे आकडा शब्दशः धरू नका. पण हुक-काज करणारी बाई तासन्‌तास ह्याच अंशात असते.

निपाणीकर

हे वाचून आमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, भिजवलेली पानं पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची, भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मान खालीच. दिवसाच्या विड्या मोजून द्यायच्या म्हणून उठायचं नाव नाही. निपाणीत असं घर सापडणार नाही जिथं एखाद्या म्हातारीची पाठ वरच्या बाजूला वाकलेली नाही.

त्यांचं मालीश म्हणजे रात्री सुनेने किंवा नातीने पाठीवर पाय द्यायचा. पोरगं लहान असलं तर सरळ पाठीवर उभं करायचं. ह्यावर फिजिओ मॅडम काय म्हणतील?

फिजिओ_टिळकवाडी

म्हाताऱ्या बायकांच्या पाठीवर कुणालाही उभं करू नका! पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, आणि वरून वाकलेली पाठ असेल तर मणके आधीच दबलेले असू शकतात. त्यावर पंधरा किलोचं पोरगं नाचलं तर मणका चेपायला वेळ लागत नाही. बरगडीसुद्धा मोडते. त्यांना हलक्या तळव्याने तेल, कोमट शेक, आणि एकदा डॉक्टरांकडे नेऊन हाडांची तपासणी.

लोंढा पॅसेंजर

आमचं पुरुषांचं बरं आहे. दाढी झाली की सलूनमध्ये डोक्याची चंपी, मानेवर दोन चापट्या, आणि शेवटी हनुवटी धरून कटकन मान मोडणे. तो आवाज आला की पैसे वसूल. मी रेल्वेत आहे, नाइट ड्युटी झाली की ठरलेला कार्यक्रम.

फिजिओ_टिळकवाडी

चंपी खुशाल. चापट्याही चालतील. मान मोडणं आजपासून बंद करा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचितच होतं, पण होतं तेव्हा तरण्या माणसांनाही होतं. आवाज येणं म्हणजे सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होणं, त्याने काही 'जागेवर बसत' नाही.

लोंढा पॅसेंजर

आता सलूनवाल्याला काय सांगू? तो विचारल्याशिवायच मोडतो!

कुंदा प्रेमी

दाढीच घरी करा.

खानापूर टू हिंजवडी

मी मूळचा खानापूरचा, आता पुण्यात आयटीत. माझं दुखणं सेम टू सेम, फक्त मशीनच्या जागी लॅपटॉप. दोन पैसे माझ्याकडून.

एक, स्पा. मी पुण्यातल्या एका स्पामध्ये डीप टिश्यू घेतलं. त्या माणसाने कोपर घालून असं काही दाबलं की दुसऱ्या दिवशी पाठ काळी-निळी. बायको म्हणाली, भांडून आलास काय? तिथं अंधार, सुगंध, पाण्याचा आवाज सगळं होतं, पण एकानेही विचारलं नाही की कुठं दुखतंय.

दोन, मालीशचा अभ्यास झालेला आहे, उगाच थाप नाही. २०१४ साली अमेरिकेत जुनाट मानदुखीच्या २२८ लोकांवर एक प्रयोग झाला. काहींना अर्ध्या तासाचं मालीश, काहींना तासाभराचं, आठवड्यातून कमीजास्त वेळा. पाच आठवड्यांनी ज्यांना तासाभराचं आठवड्यात दोन-तीनदा मिळालं त्यांना सगळ्यात जास्त फरक. अर्ध्या तासवाल्यांना, काहीच न घेतलेल्यांच्या तुलनेत फारसा नाही. म्हणजे दहा मिनिटं खांदे चेपून घेणं हे सुख आहे, उपचार नाही.

तीन, ती पिस्तुलासारखी मसाज गन. माझ्याकडे आहे. वापरतो. बरं वाटतं. पण मणक्याच्या हाडावर आणि मानेच्या पुढच्या बाजूला लावायची नाही हे सूचनापत्रात लिहिलेलं कुणी वाचत नाही.

वडगावची सुई

आठवड्यातून तीनदा तास-तासभर? दादा, मला तेवढा वेळ मिळाला तर मी आधी दोन ब्लाउज जास्त शिवीन.

कडोलीचा वस्ताद

हाच मुद्दा हाय. कष्टाच्या माणसाला वेळ न्हाई म्हणून तर पाठ दुखत्याय.

वैद्य_शहापूर

थोडं आयुर्वेदाच्या बाजूने. अभ्यंग हा रोजच्या दिनचर्येतला भाग मानला आहे, दुखणं आल्यावरच करायचा उपचार नव्हे. साध्या माणसाला तिळाचं तेल पुरतं. दुखरी पाठ असेल तर महानारायण तेल किंवा निर्गुंडीचं तेल. आपल्याकडे कुंपणाला निर्गुंडी सर्रास असते, काही जण निगडी म्हणतात. तिचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेक द्यायचा, घरोघरी केलं जायचं. तेल लावल्यावर शेक, हा क्रम. जेवल्यावर लगेच नको, ताप असताना नको, अपचन असताना नको.

तेलाची बाटली सरळ गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. आणि शुगर असलेल्या ज्या माणसांची त्वचा बधिर झाली आहे त्यांनी शेक दुसऱ्याच्या हाताने तपासल्याशिवाय घेऊ नये. भाजलेलं कळतच नाही, सकाळी फोड दिसतात.

सुईताई, तुम्ही वडगावच्या म्हणजे शहापूर तुम्हाला पायवाटेवर. तिथल्या केएलईच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात पंचकर्म विभाग आहे. कॉलेज १९३३ पासूनचं, तुमच्या सासूबाईंना माहीत असेल. बायकांना बायकाच अभ्यंग करतात का, हे आधी विचारून जा म्हणजे अवघडल्यासारखं होणार नाही.

वडगावची सुई

वैद्यबुवा, अवघडण्याचं बरोबर ओळखलंत. स्पाला नाही म्हणण्याचं खरं कारण तेच होतं, मिस्टरांना सांगितलं नाही इतकंच.

खडेबाजार कट्टा

मध्येच विचारतो, महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली ना २०२३ मध्ये? त्यात हे मालीश-फिजिओ बसतं का? नाही तर कागदावरच...

संपादक

खडेबाजार कट्टा, ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सीमाप्रश्नावर वेगळे तीन धागे वाहते आहेत. हा पाठीचा आहे, पाठीचाच राहू द्या.

फिजिओ_टिळकवाडी

आता माझं सविस्तर मत, कारण वेगवेगळ्या पोस्टींत तुकडे झालेत.

मालीशने दुखणं कमी होतं. किती काळ? बऱ्याचदा काही तास ते काही दिवस. कंबरदुखीवर मालीशच्या २५ चाचण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, तिथेही हेच निघालं : तात्पुरता आराम दिसतो, दीर्घकाळाचा दिसत नाही, आणि पुरावाही फार भक्कम नाही. म्हणून मालीश निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. रात्री शांत झोप मिळाली, मान वळायला लागली, तर त्या मोकळ्या वेळेत व्यायाम सुरू करता येतो. माझ्या लेखी मालीशचा खरा उपयोग तेवढा.

आत काय होतं? हाताला लागते ती गाठ फुटत नाही. तो ताणून धरलेल्या स्नायूचा पट्टा असतो. सावकाश दाब मिळाला की त्वचेतल्या आणि स्नायूतल्या नसा वेगळा संदेश वर पाठवतात, वेदना मागे पडते, स्नायू सैल होतो. 'मालीशने लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर निघतं' हे जिममधलं वाक्य सोडून द्या, ते व्यायामानंतर तासा-दीड तासात आपलं आपणच कमी होतं.

ताई, मावशींना बोलवा. माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. त्यांचा हात बसलेला असतो. फक्त एवढं सांगा : पालथं झोपून छातीखाली उशी, कपाळ दुमडलेल्या टॉवेलवर म्हणजे मान वळवून ठेवावी लागणार नाही. हात बाजूला सैल. मणक्याच्या हाडावर दाब नाही, त्याच्या दोन्ही अंगांना. दुखलं तरी श्वास रोखावा लागू नये इतकंच दुखावं. दहापैकी पाच म्हणा. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं चालतं, काळं-निळं पडणं चालत नाही. आणि त्यांना खांद्याच्या वरचा मांसल भाग आणि छातीचा पुढचा भाग, कॉलरबोनच्या खाली, तिथेही हात फिरवायला सांगा. पुढे वाकून काम करणाऱ्याची छाती आखडते आणि पाठ ताणलेली राहते, आपण मात्र पाठच चोळत बसतो.

मावशी येणार नाहीत त्या दिवशी : मुलाचा टेनिस बॉल मोज्यात घाला. मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरा, बॉल पाठीवर फरा आणि मणका यांच्या मध्ये, आणि भिंतीला टेकून उभ्या राहा. गुडघे जरा वाकवत वर-खाली. दुखरी जागा सापडली की तिथे अर्धा मिनिट थांबा, श्वास सोडा. मोजा नसेल तर बॉल सारखा कपाटाखाली जातो.

संकेश्वरची लेक

मोज्याची आयडिया भारी! आत्ताच करून बघितली. आमच्या कुत्र्याला वाटलं त्याच्यासाठीच आहे.

वडगावची सुई

मंडळी, मावशी येऊन गेल्या. सासूबाई खूश, कारण त्यांचंही करून घेतलं.

सांगते काय झालं. मावशींनी आधी माझं ऐकूनच घेतलं नाही. "चाळीस वर्षं करतंय मी, मला शिकवतेस काय" म्हणाल्या. टॉवेल-उशीवर हसल्या. पण हात लावला मात्र, आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, "उजवीकडं नुसतं दगड झालंय की गं, डावं मऊ हाय." त्यांनी तळव्यानेच केलं, वस्तादकाका म्हणतात तसं. कानशिलापासून खांद्याच्या टोकापर्यंत, मग फऱ्याच्या कडेकडेने. फऱ्याखाली बोटं घालण्याची त्यांची एक रीत आहे, माझा उजवा हात मागे कमरेवर ठेवायला लावला, तशी फऱ्याची कड वर उचलली गेली आणि त्यांनी खालून बोटं सरकवली. आधी जीव गेला, मग एकदम मोकळं. त्या रात्री कूस न बदलता झोपले.

आता खरं सांगायचं तर तीन-चार दिवस छान गेले आणि एक शालू आला, त्याच्या ब्लाउजला पूर्ण हात आरी वर्क. दोन दिवस मान खाली. झालं, पाठ परत तिथंच.

कडोलीचा वस्ताद

मावशीस्नी नमस्कार सांगा. हात मागं घेऊन फरा उचलायचा, हे आमच्या जुन्या वस्तादांचंच तंत्र.

पण ताई, पैलवान मालीशवर जगत न्हाई. मेहनत केल्यावर मालीश. तुमची मेहनत कुठं हाय? कष्ट हायत, मेहनत न्हाई. पाठीला ताकद पाहिजे.

फिजिओ_टिळकवाडी

वस्ताद, मी लिहायच्या आधी तुम्ही लिहिलंत.

ताई, डेन्मार्कमध्ये २०११ साली ऑफिसात काम करणाऱ्या, मान-खांदे दुखणाऱ्या १९८ लोकांवर (बहुतेक बायकाच) एक प्रयोग झाला. रबरी पट्ट्याने दोन्ही हात बाजूने वर उचलायचे, आठवड्यातले पाच दिवस. एका गटाला रोज १२ मिनिटं, एकाला फक्त २ मिनिटं. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होतं, आणि दोन मिनिटंवालेही मागे नव्हते. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत ना?

पट्टा विकत घ्यायची गरज नाही. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, व्हॉल्व्हचा तुकडा कापून टाका, धुऊन पावडर लावा. ट्यूब पायाखाली धरा, दोन टोकं दोन हातांत, कोपरं किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. जड गेली तर लांब धरा, हलकी वाटली तर आखूड. दुसरा प्रकार, ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढायची, फरे एकमेकांजवळ आणायचे. पहिल्या आठवड्यात थोडं ठणकेल.

आणि दर अर्ध्या तासाला मशीनवरून उठा. बॉबिन संपला की उठायचं, असा नियम लावून घ्या. हुक-काज मांडीवर नको. मांडीवर मोठी उशी किंवा उंच डबा ठेवून काम डोळ्यांच्या जवळ आणा. मान कामाकडे जाते, काम मानेकडे आलं पाहिजे. उजेड पुढून-डावीकडून. मागून असेल तर स्वतःच्याच सावलीत टाका दिसत नाही म्हणून माणूस आणखी वाकतो.

एवढं करून दीड-दोन महिन्यांत फरक नाही, किंवा हाताला मुंग्या सुरू झाल्या, तर प्रत्यक्ष तपासून घ्या. नेहरूनगरला केएलईच्या फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडी आहे. तिथे महिला थेरपिस्ट मिळतात.

वडगावची सुई

उजेड मागूनच आहे! खिडकी पाठीमागे, ट्यूबलाइटही पाठीमागे. मशीन फिरवून ठेवते. पण एक अडचण, मशीनचं टेबलच मला खाली पडतं. मी जरा उंच आहे. स्टूल खाली केलं तर गुडघे आपटतात. स्टँडखाली विटा घालू का?

उद्यमबाग फिटर

ताई, इथं माझा धंदा येतो, शिलाई मशीनही दुरुस्त करतो. आधी सांगा, पायडलची आहे की मोटर लावलीय? पायडलची असेल तर विटा घालू नका. स्टँडबरोबर पायडलही वर येतं, पायाचं माप तेच राहतं, फायदा अर्धाच आणि गुडघे मात्र टेबलाच्या कडेला लागतात.

मोटर असेल आणि पायाखालचा स्विच जमिनीवर असेल तर स्टँड निवांत उचला. विटा नको, धक्क्याने सरकतात. लाकडाचे चार ठोकळे, वर पायाच्या मापाची खोबण. मागच्या दोन पायांखालचे ठोकळे बोटभर जास्त उंच घ्या, म्हणजे टेबल किंचित तुमच्याकडे कलेल आणि टाका बघायला वाकावं लागणार नाही. जास्त कलवू नका, कात्री घरंगळते.

वडगावची सुई

मोटर आहे, स्विच खाली जमिनीवर. ठोकळे किती उंच घेऊ?

उद्यमबाग फिटर

ते तुमच्या कोपरावर. रोजच्या स्टुलावर बसा, खांदे सैल सोडा, कोपर वाकवून हात टेबलावर ठेवा. टेबल कोपराच्या बरोबरीला किंवा दोन बोटं वर यावं. कमी असेल तेवढी पट्टीने मोजा आणि इथं टाका. सागाचे तुकडे पडलेत माझ्याकडे, रविवारी वडगावात येणारच आहे, बाजार असतो.

वडगावची सुई

मोजलं. पाऊण वीत कमी पडतंय. पट्टीने सांगायचं तर सहा इंच.

उद्यमबाग फिटर

सहा इंच एकदम नको, स्टँड डुलेल. चार इंच ठोकळ्याने, बाकीचे दोन स्टूल बदलून. सध्याचं प्लॅस्टिकचं आहे का? मग मी येताना सुताराकडचं जरा बुटकं लाकडी घेऊन येतो, बसून बघा, जमलं तर ठेवा.